ग्लिसरॉलचं सॉल्केटाल करताना: घन आम्ल उत्प्रेरक पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी

दर वर्षी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची दोन-तीन मुलं प्रोजेक्टचा विषय घेऊन येतात आणि त्यातल्या एकाचा तरी विषय ‘बायोडिझेलमधल्या ग्लिसरॉलचं मूल्यवर्धन’ असतो. विषय चांगला आहे. सामान स्वस्त, अभिक्रिया सोपी, आणि पहिल्याच दिवशी डोळ्यांना काहीतरी दिसतं. पण सगळी गोम इथेच आहे. पहिल्याच आठवड्यात ८०-८५ टक्के रूपांतर मिळतं, मुलं पेढे वाटायच्या बेतात असतात, आणि तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर शांतपणे विचारतात, “हे काम तुमच्या घन उत्प्रेरकानेच केलं, कशावरून?” मग छताकडे बघणं सुरू होतं.

त्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या महिन्यात शोधून मिळत नाही. पहिल्या दिवसापासून प्रयोगच तसा मांडावा लागतो. ग्लिसरॉल आणि अॅसिटोनपासून सॉल्केटाल करायची अभिक्रिया घेऊन तो कसा मांडायचा, ते इथे सांगतो.

आधी विषय आटोक्यात आणा

तेलाच्या एका रेणूवर मिथेनॉलच्या तीन रेणूंची अभिक्रिया केली की बायोडिझेलचे तीन रेणू आणि ग्लिसरॉलचा एक रेणू मिळतो. वजनात सांगायचं तर १०० किलो बायोडिझेलमागे साधारण १० किलो ग्लिसरॉल पडतं. साबणाच्या कारखान्यातही ते निघतं. औषधाच्या दुकानात ‘ग्लिसरीन’ म्हणून मिळतं ते हेच, फक्त शुद्ध केलेलं.

या रेणूत तीन कार्बन आणि तीन हायड्रॉक्सिल गट असतात. आम्ल भेटलं की हे गट पाणी सोडायला तयार होतात. कुणाबरोबर सोडतात त्यावर पदार्थ ठरतो. अॅसिटिक आम्लाबरोबर अॅसिटिन तयार होतात, टर्शरी ब्युटेनॉलबरोबर इथर, अॅसिटोनबरोबर सॉल्केटाल. आणि वायूरूपात ३०० अंशांच्या आसपास तापलेल्या घन आम्लावरून नेलं तर ग्लिसरॉल स्वतःचंच दोन रेणू पाणी टाकून अॅक्रोलिन होतं.

नवख्याने अॅक्रोलिनच्या वाटेला जाऊ नये. ते विषारी आहे, डोळ्यांतून धारा लावतं, आणि उत्प्रेरकावर काही तासांतच कोळशाचा थर बसतो. वायुप्रवाहाची नळी, तापमानाचं नीट नियंत्रण आणि निघणारे वायू पकडायची सोय असलेल्या लॅबचं ते काम आहे. अॅसिटिनमध्ये मोनो, डाय, ट्राय अशी तिन्ही एकदम मिळतात, त्यामुळे पहिल्या प्रयोगातच मोजणीचा गुंता होतो. म्हणून सुरुवात सॉल्केटालपासून करा. दाब लागत नाही, ४० अंशांवर काम होतं, आणि मुख्य उत्पादन एकच असतं. पाच अणूंचं वलय असलेलं सॉल्केटाल भरपूर मिळतं आणि सहा अणूंच्या वलयाचा त्याचा भाऊ चिमूटभर.

ही अभिक्रिया नवीन नाही. एमिल फिशर यांनी १८९५ मध्ये हायड्रोजन क्लोराइड वापरून ती केली होती. आज सॉल्केटाल द्रावक म्हणून विकलं जातं. पेट्रोलमध्ये डिंकासारखा थर साचू नये म्हणून ते मिसळण्यावर संशोधन झालं आहे, आणि सेंद्रिय संश्लेषणात दोन हायड्रॉक्सिल झाकून तिसरं मोकळं ठेवायचं असेल तर रसायनशास्त्रज्ञ आजही तेच हाताशी घेतात.

मग घन आम्ल कशाला? सल्फ्युरिक आम्लाचे चार थेंबही हे काम करतात, आणि झकास करतात. पण नंतर ते आम्ल उदासीन करावं लागतं, क्षार गाळावा लागतो, भांडी गंजतात, आणि उत्प्रेरक एकदाच वापरून फेकला जातो. घन आम्ल गाळून घेता येतं, धुऊन परत वापरता येतं. हा फायदा खरा ठरायचा असेल तर ते शेवटपर्यंत घन आणि आम्ल, दोन्ही राहायला हवं. पुढे जे काही सांगतो आहे ते सगळं या एका अटीभोवती फिरतं.

कुठलं घन आम्ल घ्यायचं

पहिल्या प्रयोगाला सल्फोनिक गट (सल्फ्युरिक आम्लासारखे आम्लगट) असलेलं सच्छिद्र रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारख्या बहुवारिकाचे मणी, घ्या. अॅम्बरलिस्ट-१५ सगळ्यांना माहीत असतं. ग्रॅमला ४.७ मिलीमोल आम्ल, पृष्ठफळ साधारण ५० चौरस मीटर, आणि १२० अंशांवर तापवायचं नाही. आपल्याकडे मुंबईच्या आयन एक्स्चेंज कंपनीचं इंडियॉन आणि पुण्याच्या थरमॅक्सचं टल्शन या नावांनीही सल्फोनिक रेझिन मिळतात. पाणी मऊ करायचं जेलचं रेझिन आणि उत्प्रेरणासाठीचं मोठ्या छिद्रांचं रेझिन यांतला फरक मात्र विकत घेतानाच विचारून घ्या. जेलचं रेझिन अॅसिटोनमध्ये नीट फुगत नाही, त्यामुळे आतले आम्लगट आतच राहतात.

दुसरा पर्याय झिओलाइट, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचे सिलिका-अॅल्युमिनाचे स्फटिक. त्यातही एच-बीटा. रिओ दी जानेरोच्या क्लाउदिओ मोटा यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की पाणी असलेल्या ग्लिसरॉलवरही बीटा झिओलाइट चांगलं टिकतं. सिलिकाचं प्रमाण जास्त असलं की त्याची छिद्रं पाण्याला आत फारसं येऊ देत नाहीत. झेडएसएम-५ ची छिद्रं साडेपाच अँगस्ट्रॉमच्या आसपास असतात, तिथे सॉल्केटालला दाटीवाटी होते. झिओलाइटचा मोठा गुण म्हणजे ५०० अंशांवर हवेत भाजलं की त्यावरची घाण जळून जाते. रेझिनला हे सुख नाही.

तिसरा पर्याय घरचा. उसाचं चिपाड किंवा नारळाची करवंटी ४०० अंशांच्या आसपास हवा न लागू देता जाळायची, मग संहत सल्फ्युरिक आम्लात १५० अंशांवर ठेवून तिच्यावर सल्फोनिक गट बसवायचे. स्वस्त आहे, प्रोजेक्टमध्ये शोभूनही दिसतं. पण धुण्यात कंटाळा केलात तर कोळशाच्या छिद्रांत अडकलेलं सल्फ्युरिक आम्लच सगळं काम करून जातं. गरम पाण्याने धूत राहा, आणि धुतलेल्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकल्यावर पांढरटपणा यायचा पूर्ण थांबेपर्यंत थांबू नका. दोन दिवस लागले तरी चालेल.

चौथा पर्याय हेटरोपॉली आम्लांचा, म्हणजे टंगस्टनसारख्या धातूंच्या ऑक्साइडपासून बनलेल्या मोठ्या रेणूंच्या तीव्र आम्लांचा. मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), म्हणजे जुन्या यूडीसीटीत, प्रा. गणपती यादव यांच्या गटाने के-१० नावाच्या, आम्लाने प्रक्रिया केलेल्या चिकणमातीवर ही आम्लं बसवून बरंच काम केलं आहे. ‘यूडीकॅट’ नावाची त्यांची घन आम्लंही प्रसिद्ध आहेत. इथे नवख्यांची एक हमखास चूक होते. डोडेकाटंगस्टोफॉस्फोरिक आम्लाची पूड बाटलीत घन दिसते म्हणून ती ‘घन आम्ल’ समजून थेट टाकतात. ग्लिसरॉलमध्ये ती साखरेसारखी विरघळते. मग तुमच्यात आणि सल्फ्युरिक आम्ल वापरणाऱ्यात फरक काय राहिला?

भांडं मांडण्याआधी कागदावर हिशोब

९.२ ग्रॅम ग्लिसरॉल म्हणजे ०.१ मोल. त्यातून पूर्ण रूपांतराने १३.२ ग्रॅम सॉल्केटाल आणि १.८ ग्रॅम पाणी मिळेल. पण पूर्ण रूपांतर होत नाही, कारण ही अभिक्रिया उलटीही चालते.

दोन्ही दिशांचे वेग सारखे झाले की मिश्रण समतोलाला येतं. तिथलं उत्पादनांचं आणि मूळ पदार्थांचं प्रमाण सांगणारा आकडा म्हणजे समतोल स्थिरांक; हिशोबापुरता तो १ धरा. मग गणित इतकं सुटसुटीत होतं की फळ्यावर तोंडी करता येतं: ग्लिसरॉलच्या एका मोलमागे अॅसिटोनचे जितके मोल, त्या आकड्याला त्याच्यापेक्षा एकने मोठ्या आकड्याने भागा. एकास एक घेतलं तर १ भागिले २, म्हणजे ५० टक्के. दोन मोल घेतले तर ६७, पाच घेतले तर ८३, दहा घेतले तर ९१. पाचावरून दहावर गेल्यावर फक्त ८ टक्के वाढतात आणि नंतर उडवायचं अॅसिटोन मात्र दुपटीहून अधिक होतं. म्हणून पाच घ्या. ०.५ मोल अॅसिटोन म्हणजे २९ ग्रॅम, साधारण ३७ मिलिलिटर.

आता ग्लिसरॉलमध्ये मुळातच पाणी असेल तर? ९.२ ग्रॅम शुद्ध ग्लिसरॉलबरोबर ०.९ ग्रॅम पाणी आलं, तर त्याच गणिताने ८३ चे ७७ होतात. कुठलाही उत्प्रेरक हा आकडा वर नेऊ शकत नाही. उत्प्रेरक तिथे लवकर पोचवतो, पल्याड नेत नाही. त्यामुळे ग्लिसरीनच्या बाटलीवर शुद्धता किती लिहिली आहे ते वाचा, आणि ‘माझा उत्प्रेरक तुझ्यापेक्षा ६ टक्क्यांनी सरस’ असा वाद घालण्याआधी दोघांच्या बाटल्या शेजारी ठेवा.

तापमानाचंही असंच. अभिक्रिया उष्मादायी आहे. जास्त तापवलं तर वेग वाढतो, पण समतोल मागे सरकतो. शिवाय अॅसिटोन ५६ अंशांना उकळतं. ४० अंश पुरे.

उत्प्रेरक ग्लिसरॉलच्या वजनाच्या ५ टक्के, म्हणजे ०.४६ ग्रॅम. त्यात आम्ल किती? ४.७ ने गुणलं की २.१६ मिलीमोल. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, पुढे लागेल.

उत्प्रेरकाची तयारी

नवं रेझिन बाटलीतून काढून थेट वापरू नका. मिथेनॉलमध्ये हलवून बघा, तपकिरी रंग सुटतो. तयार करताना राहिलेले, विरघळणारे सल्फोनिक तुकडे त्यात असतात, आणि तेही आम्लच. मिथेनॉल रंगहीन निघेपर्यंत धुवा, मग पाण्याने, आणि शेवटी ९०-१०० अंशांवर ओव्हनमध्ये रात्रभर वाळवा. मिथेनॉलचा वास पूर्ण गेल्याशिवाय ओव्हनमध्ये ठेवू नका. ओलं रेझिन विकत घेतलं असेल तर त्यातलं निम्मं वजन पाण्याचंच असतं. ते न वाळवता वजन केलंत तर उत्प्रेरक निम्मा पडतो आणि वर नको असलेलं पाणी पडतं.

आता त्यात खरोखर किती आम्ल आहे ते मोजा. बाटलीवरच्या आकड्यावर जाऊ नका. ०.२ ग्रॅम वाळलेलं रेझिन ५० मिलिलिटर मिठाच्या तीव्र द्रावणात रात्रभर हलत ठेवा. सोडियम आत जातो, हायड्रोजन आयन बाहेर येतो. गाळून त्या द्रावणाचं ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने, फिनॉल्फ्थॅलिन दर्शक घालून अनुमापन (टायट्रेशन) करा. ४.७ मिलीमोलचं रेझिन असेल तर ९.४ मिलिलिटरच्या आसपास गुलाबी रंग टिकायला हवा. ७ वरच आला तर एकतर रेझिन नीट वाळलेलं नाही किंवा जुनं आहे.

चिपाडाच्या कोळशाचं हेच अनुमापन केलं की सहसा बराच कमी आकडा येतो. मिठाचं द्रावण मुख्यतः सल्फोनिक गट मोजतं, कार्बॉक्सिलिक आणि फिनॉलिक गट त्यातून सुटतात. घाबरू नका, आकडा आहे तसा लिहा.

एक धोक्याची सूचना, आणि ही चेष्टेत घेऊ नका: सेंद्रिय रेझिनला नायट्रिक आम्ल कधीही लावायचं नाही. धुण्यासाठी नाही, पुनरुज्जीवनासाठी नाही, ‘जरा बघू’ म्हणूनही नाही. स्फोट होऊ शकतो.

भांडं मांडू या

१०० मिलिलिटरचा गोल बुडाचा फ्लास्क, वर कंडेन्सर, खाली तेलाचं बाथ, आत थर्मामीटर. अॅसिटोन उणे १८-२० अंशांवरही पेट घेईल इतकी वाफ सोडतं, तेव्हा जवळपास बर्नर नको, फ्यूम हूडमध्येच काम.

ग्लिसरॉल मोजपात्राने मोजू नका. २० अंशांना ते पाण्याच्या हजारपटीहून जास्त चिकट असतं, अर्धा ग्रॅम तर भिंतीलाच चिकटून राहतं. सिरिंजने थेट फ्लास्कमध्ये सोडा आणि फ्लास्कचंच वजन करा. मग अॅसिटोन घाला. दोन थर दिसतील, खाली ग्लिसरॉल, वर अॅसिटोन. दोघांचं एकमेकांशी जमत नाही. तापमान ४० अंशांवर स्थिर झालं की रेझिन टाका आणि घड्याळ लावा.

ढवळणं हा दिसायला किरकोळ पण खरा कळीचा भाग. मॅग्नेटिक स्टररची दांडी फ्लास्कच्या तळाशी रेझिनचे मणी पाटा-वरवंट्यासारखे भरडते. भुकटी झाली की वेग वाढतो, आणि तुम्हाला वाटतं उत्प्रेरक ‘सक्रिय’ झाला. शक्य असेल तर वरून पात्यांनी ढवळणारा स्टरर वापरा. नसेल तर दांडी अंडाकृती घ्या आणि प्रयोगानंतर मणी भिंगाखाली बघा. मग वेग दुप्पट करून तोच प्रयोग पुन्हा करा. आकडा बदलला नाही तर बाहेरून येणाऱ्या रेणूंची अडवणूक होत नाही. बदलला तर अजून तुम्ही उत्प्रेरकाचा वेग मोजतच नाही आहात, ढवळण्याचा मोजता आहात.

थोड्या वेळाने एक सुंदर गोष्ट घडते. दोन थरांमधली रेघ पुसट होत जाते आणि मिश्रण एकजीव होतं. तयार झालेलं सॉल्केटाल दोघांशीही गोडीने राहतं आणि मध्यस्थी करतं. आमच्या लॅबमधले मामा याला ‘भांडण मिटलं’ म्हणायचे. ती वेळ वहीत लिहा. उपकरण नसलेल्या लॅबमध्येही दोन उत्प्रेरकांची कच्ची तुलना या एका वेळेवरून करता येते.

नमुना घेताना होणारी फसगत

याच दोन थरांमुळे पहिल्या वीस मिनिटांचे नमुने खोटं बोलतात. सिरिंज घातली की वरचा अॅसिटोनचा थर जास्त येतो. त्यात ग्लिसरॉल कमी, सॉल्केटाल जास्त. गॅस क्रोमॅटोग्राफ इमानदारीने सांगतो की १० मिनिटांत ७० टक्के रूपांतर झालं. खरं असतं २५.

यावर दोन उपाय. एक तर थोडं इथेनॉल घालून सुरुवातीपासून एकच थर करा. मग वेग थोडा बदलेल पण नमुना प्रामाणिक येईल. किंवा प्रत्येक वेळेसाठी वेगळा छोटा फ्लास्क लावा, ५ मिनिटांचा, १५ चा, ३० चा, ६० चा, आणि वेळ झाली की पूर्ण फ्लास्कच थंड करून, गाळून, इथेनॉलमध्ये एकजीव करून मोजा. काम चौपट आहे. मी दुसरा उपाय सुचवतो.

नमुना गाळल्यावर लगेच त्यात चिमूटभर सोडियम बायकार्बोनेट टाका. गाळणीतून रेझिनची भुकटी गेली असेल तर नमुन्याच्या बाटलीतही अभिक्रिया चालूच राहते, आणि सकाळचा आकडा संध्याकाळी वेगळा येतो.

गॅस क्रोमॅटोग्राफ असेल तर ध्रुवीय स्तंभ वापरा, आणि ब्युटेनॉलसारखं एखादं अंतर्गत प्रमाण (तुलनेसाठी मोजून घातलेला पदार्थ, इंटर्नल स्टँडर्ड) घालूनच मोजा. ग्लिसरॉलचं शिखर शेपटी काढतं, त्याच्या क्षेत्रफळावर आंधळा विश्वास ठेवू नका. सॉल्केटाल आणि उरलेलं ग्लिसरॉल, दोन्ही स्वतंत्र मोजा. बेरीज १०० च्या आसपास आली नाही तर कुठेतरी काहीतरी निसटतंय.

उपकरण नसेल तरी अडत नाही. परआयोडेटची जुनी पद्धत आहे. सोडियम परआयोडेट शेजारी-शेजारी असलेले हायड्रॉक्सिल गट तोडतं, आणि ग्लिसरॉलच्या एका रेणूमागे फॉर्मिक आम्लाचा एक रेणू देतं. सॉल्केटालमध्ये शेजारचे दोन मोकळे हायड्रॉक्सिल नसतात, म्हणून ते बाजूला राहतं. नमुना पातळ करून त्याचा सामू (पीएच) आधी ८.१ वर आणा, परआयोडेट घालून अर्धा तास अंधारात ठेवा, उरलेलं परआयोडेट इथिलीन ग्लायकॉल घालून संपवा, आणि तयार झालेलं फॉर्मिक आम्ल पुन्हा ८.१ सामूपर्यंत अनुमापित करा. नमुन्याशिवायची कोरी चाचणी हवीच. फॉर्मिक आम्लामुळे थोडं सॉल्केटाल तुटू शकतं, म्हणून अर्ध्या तासाचा एक तास करू नका.

आता परीक्षकांचा प्रश्न

तासा-दोन तासांत तुम्ही ८० च्या पुढे पोचला असाल. छान. आता तीन चाचण्या.

पहिली, उत्प्रेरकाशिवाय. तीच भांडी, तेच तापमान, तेवढाच वेळ. बहुतेक वेळा नगण्य रूपांतर मिळतं. नाही मिळालं तर भांड्याला आदल्या दिवसाचं आम्ल चिकटलेलं आहे.

दुसरी, मध्येच गाळणं. अभिक्रिया चालू असताना रेझिन गरम असतानाच गाळून काढायचं आणि उरलेलं द्रव त्याच तापमानाला पुढे ढवळत ठेवायचं. रूपांतर तिथेच थांबलं तर काम घन पृष्ठभागावरच चालू होतं. वाढत राहिलं तर आम्ल द्रवात सुटलं आहे. इथली नेहमीची चूक अशी की हे गाळणं समतोल आल्यावर करतात. ८३ वर गाळलं, तासाभराने पुन्हा ८३. “बघा सर, गळती नाही!” अहो, तिथे सल्फ्युरिक आम्ल ओतलं असतं तरी ८३ च राहिले असते. ३० टक्क्यांच्या आसपास गाळा, वर चढायला जागा असताना. आणि मिश्रण दोन थरांचं असेल तर आधी इथेनॉलने एकजीव करा, नाहीतर गाळताना थरांचं प्रमाणच बदलतं.

तिसरी, पुनर्वापर. अनेक प्रबंधांत एक स्तंभालेख हमखास सापडतो: पाच वेळा वापरलं, पाचही स्तंभ जवळजवळ सारखे. प्रत्येक वेळी तीन तास दिलेले असतात आणि समतोल यायला तास पुरतो. उत्प्रेरकाची निम्मी ताकद गेली तरी तीन तासांत तो समतोलाला पोचतोच. मग स्तंभ सारखे येणार नाहीत तर काय? पुनर्वापराची तुलना १५ मिनिटांच्या रूपांतरावर करा, जिथे वेगातला फरक उघडा पडतो. शिवाय दर वेळी गाळताना रेझिन थोडं हरवतं. ०.४६ ग्रॅममधले ०.०५ गेले तरी १० टक्क्यांहून जास्त गेले. तीन-चार सारखे प्रयोग एकदम लावा आणि त्यांचं रेझिन एकत्र करून पुढच्या फेरीचं वजन भरा.

सॉल्केटाल बाहेर काढणं

एक चूक मी स्वतः केली आहे. संध्याकाळ झाली होती, घाई होती, म्हणून रेझिन न गाळता फ्लास्क तसाच रोटाव्हॅपरला (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्राला) लावला. अॅसिटोन उडत गेलं, पाणी आणि आम्ल मागे राहिलं, आणि समतोलाने आपलं काम चोख केलं: सॉल्केटाल परत ग्लिसरॉल होत गेलं. सकाळी निम्म्याहून कमी उरलं होतं. आधी गाळा, थोडं बायकार्बोनेट टाकून पुन्हा गाळा, मगच अॅसिटोन उडवा.

नंतर पाणी जाऊ द्या आणि कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन करा. पाऱ्याच्या ११ मिलिमीटर दाबाला सॉल्केटाल ८०-८१ अंशांना येतं. साध्या दाबाला तेच १८८ च्या आसपास. उरलेलं ग्लिसरॉल २९० अंशांना उकळणारं, ते तळाशीच बसून राहतं. उडवलेलं अॅसिटोन फेकू नका, पण कोरडं केल्याशिवाय परतही वापरू नका. वाळवायला ३ अँगस्ट्रॉमची आण्विक चाळणी घ्या, तिच्या छिद्रांत पाणी जातं, अॅसिटोन जात नाही.

कच्चं ग्लिसरॉल: खरी परीक्षा

इथपर्यंत सगळं शुद्ध ग्लिसरीनवर झालं. आता बायोडिझेल प्लांटवरून आणलेला काळपट, साबणाळ कॅन उघडा. त्यात मिथेनॉल, पाणी, साबण, मीठ आणि थोडं अल्कली असतं. ते थेट रेझिनवर ओतलं तर?

वहीतला तो २.१६ मिलीमोलचा आकडा काढा. कच्च्या ग्लिसरॉलमध्ये ५ टक्के मीठ धरलं तर ९.२ ग्रॅममध्ये ०.४६ ग्रॅम सोडियम क्लोराइड, म्हणजे ७.९ मिलीमोल सोडियम. रेझिनमधल्या आम्लाच्या साडेतीनपट. अनुमापनात आपण मुद्दाम जे केलं तेच इथे नकळत होतं: सोडियम रेझिनमध्ये शिरतो आणि हायड्रोजन आयन बाहेर येऊन क्लोराइडला भेटतो. द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. फिशर यांनी १८९५ मध्ये वापरलेलं तेच. आणि ते झकास काम करतं! पहिली फेरी उत्तम जाते, रूपांतर भरघोस, सगळे खूश. दुसऱ्या फेरीला रेझिन मेलेलं असतं. मीठ असलेल्या ग्लिसरॉलवर पहिल्या फेरीचा चांगला आकडा दिसला की मला आनंद होत नाही, शंका येते. गाळलेल्या द्रवाचे दोन थेंब पाण्यात टाकून सामू-कागद बुडवा, लाल झाला तर समजून जा.

म्हणून आधी सफाई. मिथेनॉल हूडमध्ये उडवून गोळा करा, ते विषारी आहे. मग फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने, ढवळत, सामू २-३ येईपर्यंत. साबण फुटतो, मेदाम्लं तेलकट थर होऊन वर येतात. रात्रभर ठेवा, वरचा थर निथळून काढा, खाली बसलेला फॉस्फेटचा गाळ गाळा. मग द्रव उदासीन करून पाणी उडवा, आणखी क्षार बसेल, तोही गाळा. एवढं करूनही विरघळलेलं थोडं मीठ राहतंच. ते निर्वाताखाली ऊर्ध्वपातनाने जातं, नाहीतर मिठासाठी बळी द्यायला ठेवलेल्या जुन्या रेझिनच्या स्तंभातून ग्लिसरॉल आधी नेऊन. या दुसऱ्या मार्गात बाहेर पडणारं द्रव आम्लधर्मी असतं, ते उदासीन करायला ऋणायन पकडणारं रेझिन पुढे जोडावं लागतं.

मेलेलं रेझिन फेकू नका. अॅसिटोनने आणि मिथेनॉलने धुऊन त्यातला चिकटपणा काढा, मग १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात दोन-तीन तास, आम्ल दोनदा बदलून. सोडियम बाहेर पडतो. पाण्याने धूत राहा, धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून पांढरं येणं बंद झालं की पुन्हा वाळवा आणि पुन्हा अनुमापन करा. ९.४ चे ९ जरी आले तरी रेझिन कामाचं आहे. ६ आले तर सल्फोनिक गटच तुटलेत किंवा छिद्रं तेलाने बुजलीत, आणि आम्लाचे आणखी चार हात देऊन ते परत येणार नाहीत.

हे सगळं हातात बसलं की मग अॅसिटिनकडे वळा. ग्लिसरॉलच्या एका मोलमागे सहा ते नऊ मोल अॅसिटिक आम्ल, १०० ते ११० अंश, तेच रेझिन. ११० म्हणजे रेझिनच्या मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर, तेव्हा तेलाच्या बाथचं तापमान नव्हे, फ्लास्कच्या आतलं तापमान बघा. तिथे पाणी काढून टाकलं नाही तर ट्रायअॅसिटिन फारसं हाती लागत नाही, सगळं मोनो आणि डायवर अडकतं. थोडं टोल्युइन घालून डीन-स्टार्क नळीत (वाफेबरोबर आलेलं पाणी वेगळं साठवणाऱ्या, खुणा केलेल्या नळीत) पाणी वेगळं होताना मोजत गेलात तर अभिक्रिया कुठवर आली ते नळीवरच्या खुणाच सांगतात.